‘टेबल’ केलेला विषय: पुढे घेतला की बाजूला ठेवला?

पत्र

मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत एक्स्पोर्टचा पत्रव्यवहार बघते. दहावीपर्यंत खानापूरला मराठी माध्यमात शिकले, पुढे बी.कॉम. केलं. पिग आयर्न आणि स्क्रॅपचे भाव चढल्यामुळे आम्ही अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला कास्टिंगवर (ओतीव भागांवर) सरचार्ज, म्हणजे ठरलेल्या दरावर जादा आकार, मागितला. तिथल्या परचेसच्या बाईंचं उत्तर आलं, ‘लेट्स टेबल द सरचार्ज फॉर नाऊ अँड फोकस ऑन डिलिव्हरीज.’ विधानसभेच्या बातम्यांत ‘रिपोर्ट टेबल्ड’ असं नेहमी वाचलेलं, म्हणून मी मालकांना सांगितलं की सरचार्जचा विषय त्या आत्ता घेतायत. शुक्रवारच्या कॉलला मालक पूर्ण कॉस्टिंग शीट घेऊन बसले. विषय काढल्यावर बाई म्हणाल्या, हे तर आपण बाजूला ठेवलं होतं ना! नंतर डिक्शनरी बघितली तर दोन्ही अर्थ दिलेले, आणि दोन्ही एकमेकांच्या उलट. असा शब्द आला की कुठला अर्थ धरायचा? आता त्या बाईंना काय लिहू? मालक म्हणतात, इंग्लंडच्या गिऱ्हाइकाला तरी हा शब्द बिनधास्त वापर. वापरू का?

— एक वाचक, बेळगाव

उत्तर

तुमच्या इंग्रजीत खोट नाही. तुम्ही ज्या इंग्रजीत बातम्या वाचता, त्यात ‘टेबल करणे’ म्हणजे सभेपुढे मांडणे, हाच अर्थ आहे. हलग्याच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरलं की बेळगावात इंग्रजी पेपर घेणारा प्रत्येक जण ‘टेबल्ड इन द हाउस’ वाचतो. मराठीत आपण त्यालाच ‘पटलावर ठेवला’ म्हणतो, बजेट असेल तर ‘मांडलं’ म्हणतो, आणि शेजारचा कन्नड पेपरवाला ‘मंडने’ लिहितो. तिन्हीकडून एकच अर्थ कानावर पडल्यावर दुसरा अर्थ मनात येणार कुठून?

हा अर्थ आपल्याकडे ब्रिटिश संसदेतून आला. तिथल्या कॉमन्स सभागृहात सभापतींच्या आसनापुढे एक मोठं टेबल असतं. त्यावर कागद ठेवला की तो सभागृहापुढे आला, सगळ्या सदस्यांचा झाला. प्रस्ताव, दुरुस्ती, अहवाल, मंत्र्याला विचारायचा लेखी प्रश्न, हे सगळं तिथे ‘टेबल’ होतं. आपल्या संसदेने आणि विधानसभांनी कामकाजाची रीत तिथूनच उचलली, त्यामुळे शब्दही तोच राहिला. ऑस्ट्रेलियातही हाच अर्थ चालतो.

अमेरिकेत मात्र तेच टेबल उलटं वापरतात. तिथल्या सभांमध्ये ‘ले ऑन द टेबल’ असा एक ठराव असतो. त्याचा अर्थ, हा विषय तूर्त टेबलावर पडू दे, आपण दुसरं बघू. हेन्री मार्टिन रॉबर्ट नावाच्या एका लष्करी इंजिनियरने १८७६ साली सभा चालवण्याचे नियम छापले. अमेरिकेतली मंडळं, संघटना, चर्चच्या समित्या आजही त्या नियमांच्या सुधारित आवृत्त्यांवर चालतात. त्यात या ठरावाची रीत ठरलेली आहे. एकाने मांडायचा, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, त्यावर चर्चा होत नाही, साध्या बहुमताने पास होतो. पुढे विषय परत हवा असेल तर ‘टेक फ्रॉम द टेबल’ असा वेगळा ठराव आणावा लागतो, आपोआप तो परत येत नाही. अमेरिकन संसदेच्या प्रतिनिधिगृहात तर एखादी गोष्ट टेबल करण्याचा ठराव पास झाला की ती निकालात निघाली असंच धरतात. म्हणजे अमेरिकन माणसाच्या कानाला ‘टेबल्ड’ हा शब्द ‘नंतर बघू’पासून थेट ‘बासनात गुंडाळलं’पर्यंत कुठेही लागू शकतो. नेमकं कुठे, ते बोलणाऱ्याच्या मनावर.

या एका शब्दावरून फार मोठी माणसं फसली आहेत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन लष्करी अधिकाऱ्यांच्या बैठकीत ब्रिटिशांना एक टिपण तातडीने चर्चेला घ्यायचं होतं, म्हणून ते म्हणाले, हे टेबल करू. अमेरिकनांना वाटलं, ड्रॉवरमध्ये टाकून विसरायला सांगतायत. बराच वेळ कडाक्याचा वाद झाला आणि मग कळलं की दोघांनाही हवं होतं एकच. ही गोष्ट खुद्द विन्स्टन चर्चिल यांनी युद्धाच्या आठवणींत लिहून ठेवली आहे. तेव्हा शुक्रवारच्या कॉलचं मनाला फार लावून घेऊ नका.

आता अर्थ ओळखायचा कसा? पहिली खूण म्हणजे शब्दाच्या मागून काय येतं. ‘फॉर नाऊ’, ‘अनटिल’ किंवा ‘टिल’, ‘इनडेफिनिटली’, ‘फॉर द टाइम बीइंग’ यांपैकी काही असेल तर विषय बाजूला ठेवलाय. कारण एखादी गोष्ट ‘तूर्त मांडू’ असं कुणी म्हणत नाही, ‘तूर्त राहू दे’ असंच म्हणतात. उलट ‘ॲट द मीटिंग’, ‘बिफोर द बोर्ड’, ‘इन पार्लमेंट’ असं असेल तर बहुतेक वेळा मांडणंच असतं. तुमच्या मेलमध्ये ‘फॉर नाऊ’ होतं. त्यापुढे ‘अँड फोकस ऑन डिलिव्हरीज’ होतं, म्हणजे लक्ष दुसरीकडे द्यायला सांगितलं होतं. ही दोन माहिती त्या एका ओळीतच होती. नजर ‘टेबल’वर अडकली की बाकीचे शब्द दिसत नाहीत, आणि ओळखीचा शब्द असला की हे हमखास होतं. अनोळखी शब्दापाशी आपण थांबून डिक्शनरी तरी उघडतो.

दुसरी खूण म्हणजे लिहिणारा माणूस कुठला. कंपनी कुठली हे बघून भागत नाही, माणूस बघा. सही खालचा फोन नंबर, तारीख लिहायची पद्धत आणि स्पेलिंग यांवरून अंदाज येतो. फोन ‘प्लस वन’ने सुरू होत असेल तर माणूस बहुतेक अमेरिकेत किंवा कॅनडात बसलाय. जुलैची चार तारीख तो महिना आधी घालून सात-चार अशी लिहीत असेल तर अमेरिकन वळण. ‘कलर’ या शब्दात ‘यू’ असेल तर ब्रिटिश वळण. कॅनडाच्या बाबतीत मात्र यातली एकही खूण पुरत नाही. संसद ब्रिटिश पद्धतीची आणि धंदा शेजारच्या अमेरिकेशी, त्यामुळे तिथे दोन्ही अर्थ कानावर येतात. जर्मन, इटालियन, स्वीडिश गिऱ्हाइकांचंही तेच. त्यांनी इंग्रजी कुणाकडून उचललं त्यावर सगळं.

आणि काही वाक्यांत खूणच नसते. ‘वी टेबल्ड युअर कोटेशन येस्टरडे.’ झालं, एवढंच. तुमचं कोटेशन काल बोर्डापुढे गेलं की कपाटात गेलं, हे या वाक्यातून ब्रह्मदेवालाही कळणार नाही. इथे अंदाज बांधायचा नाही, विचारायचं.

विचारायचीही एक पद्धत आहे. ‘व्हॉट डू यू मीन बाय टेबल?’ असं लिहू नका. त्याने गोष्ट भाषेवर जाते, समोरच्याला आपलं इंग्रजी समजावून सांगावं लागतं आणि दोघांनाही अवघड होतं. शब्दाविषयी न विचारता कामाविषयी विचारा, आणि दोन्ही पर्याय तुम्हीच मांडून द्या: ‘जस्ट टु कन्फर्म, आर वी डिस्कसिंग द सरचार्ज ऑन फ्रायडे, ऑर होल्डिंग इट फॉर लेटर?’ समोरच्याला एका शब्दात उत्तर देता येतं, आणि तुम्हाला इडियम (वाक्प्रचार) कळला नव्हता हे त्याच्या लक्षातही येत नाही. हीच रीत कुठल्याही इडियमला चालते. ‘बॉल इज इन युअर कोर्ट’ आलं आणि नेमकं कुणी काय करायचंय ते स्पष्ट नसेल, तर ‘सो वी सेंड द रिव्हाइज्ड ड्रॉइंग बाय मंडे, राइट?’ एवढं विचारावं.

डिक्शनरीबद्दल एक गोष्ट. तुम्ही बघितलीत हे चांगलं, पण अर्थाच्या आधी बारीक अक्षरात जे लेबल असतं ते बघायची सवय लावा. विद्यार्थ्यांसाठीच्या चांगल्या इंग्रजी डिक्शनऱ्यांत ‘ब्रिटिश’, ‘नॉर्थ अमेरिकन’, ‘फॉर्मल’ अशी लेबलं असतात. ‘टेबल’च्या क्रियापदाखाली दोन अर्थ आणि त्यांपुढे दोन लेबलं सापडतील. हातातल्या लहान इंग्रजी-मराठी कोशात बऱ्याचदा एकच अर्थ असतो आणि लेबल नसतं. तो शाळेला पुरतो, एक्स्पोर्टच्या मेलला पुरत नाही. भाषांतराचं ॲपही कुठलातरी एक अर्थ निवडून मोकळं होतं.

आता त्या बाईंना काय लिहायचं. यात भाषेपेक्षा व्यवहार जास्त आहे, म्हणून जरा नीट बघू. ‘फॉर नाऊ’मध्ये तारीख नाही. गिऱ्हाइकाने तारखेशिवाय विषय बाजूला ठेवला की त्याचं भिजत घोंगडं होतं, आणि भिजण्याचा खर्च फाउंड्रीला पडतो, कारण माल जुन्याच दराने जात राहतो. म्हणून मेल चार वाक्यांचा करा.

पहिलं वाक्य, ‘अंडरस्टुड, वी विल होल्ड द सरचार्ज डिस्कशन फॉर नाऊ.’ इथे ‘वी ॲग्री’ लिहू नका. ‘अंडरस्टुड’ म्हणजे तुमचं म्हणणं कळलं. ‘ॲग्री’ म्हणजे पटलं, आणि उद्या कुणीही तो मेल काढून दाखवेल की सरचार्ज नको हे तुम्हीच मान्य केलं होतं. दुसरं वाक्य तारखेचं: ‘कॅन वी पुट इट ऑन द अजेंडा फॉर द कॉल ऑन फिफ्टीन्थ एप्रिल?’ तारीख तुमच्या सोयीची घाला, पण महिना अक्षरांत लिहा. आकड्यांत चार-पाच लिहिलंत तर तुमची चार मे त्यांची पाच एप्रिल होते. तिसरं वाक्य, ‘अनटिल देन, करंट पर्चेस ऑर्डर्स विल शिप ॲट द एक्झिस्टिंग प्राइस.’ चौथं, ‘न्यू ऑर्डर्स विल बी कोटेड सेपरेटली.’ तिसरं आणि चौथं वाक्य मालकांना विचारल्याशिवाय घालू नका, दराचा निर्णय त्यांचा. पण ती वाक्यं नसतील तर समोरच्यांचा समज होणार की सरचार्ज सुटला तो सुटलाच, आणि नव्या ऑर्डरींना वाढीव दर मागायला तुमच्या हातात कागद राहणार नाही.

शुक्रवारी जे झालं त्याबद्दल एकच ओळ, तीही वाटली तर: ‘सॉरी फॉर द मिक्स-अप ऑन फ्रायडेज कॉल.’ ब्रिटिश अर्थ, भारतीय अर्थ, विधानसभा, हे काही लिहू नका. परचेसच्या माणसाला त्यात रस नसतो, आणि सफाई जितकी लांब तितकी चूक मोठी दिसते.

तुम्ही स्वतः लिहिताना हा शब्द टाळणं सर्वात सोपं. विषय घ्यायचा असेल तर ‘पुट ऑन द अजेंडा’ किंवा नुसतं ‘डिस्कस’. ठेवून द्यायचा असेल तर ‘पोस्टपोन’ किंवा ‘होल्ड अनटिल’ आणि पुढे तारीख. मीटिंग अलीकडे-पलीकडे करतानाही असाच घोळ होतो. आपला ‘प्रीपोन’ भारतात सगळ्यांना कळतो, बाहेर कळेलच असं नाही. त्याऐवजी ‘मूव्ह फॉरवर्ड’ लिहावं म्हटलं तर बुधवारची मीटिंग दोन दिवस ‘फॉरवर्ड’ केल्यावर कुणाला सोमवार वाटतो, कुणाला शुक्रवार. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांतही यावर एकमत नाही. सरळ नवा वार आणि तारीख लिहा: ‘कॅन वी मीट ऑन मंडे, थर्ड मार्च, इन्स्टेड ऑफ वेन्सडे?’

‘टेबल’ नाम म्हणून आलं की मात्र घाबरायचं कारण नाही, तिथे दोन्हीकडचे अर्थ जुळतात. ‘ऑन द टेबल’ म्हणजे बोलणीत आहे, विचार चालू आहे. ‘अवर ऑफर इज स्टिल ऑन द टेबल’ म्हणजे देऊ केलेलं अजून कायम आहे. ‘ऑफ द टेबल’ म्हणजे मागे घेतलं, आता ती गोष्ट काढू नका. म्हणजे तुमच्या त्या बाईंनी सरचार्ज ‘टेबल’ केला, ‘ऑफ द टेबल’ केला नाही, आणि या फरकावरच तुमचा पुढचा मेल उभा आहे. ‘लीव्हिंग मनी ऑन द टेबल’ म्हणजे सौद्यात मिळू शकत होतं तेवढं न मागता उठून येणं. ‘ब्रिंग टु द टेबल’ म्हणजे भागीदारीत आपल्या बाजूने काय घालणार, माणूस, मशीन, कौशल्य, जे असेल ते. ‘अंडर द टेबल’ आपल्या टेबलाखालून देण्यासारखंच, तेव्हा गमतीतही कंपनीच्या मेलमध्ये नको. ‘टर्न द टेबल्स’चा फर्निचरशी संबंध नाही. पूर्वी बॅकगॅमनसारख्या सोंगट्यांच्या खेळाला ‘टेबल्स’ म्हणत, त्यातून डाव उलटवणे हा अर्थ आला.

विषय निघालाच आहे तर अजून एका शब्दाकडे लक्ष द्या, कारण तुमच्या कामात तो ‘टेबल’पेक्षा जास्त महाग पडू शकतो: ‘रिव्हर्ट’. आपल्याकडे ऑफिसात ‘प्लीज रिव्हर्ट’ म्हणजे उत्तर द्या. अमेरिकेत, आणि इंग्लंडमध्येही बहुतेकांना, ‘रिव्हर्ट’ म्हणजे पूर्वीच्या स्थितीवर परत जाणे. आता फाउंड्रीचा मेल डोळ्यांसमोर आणा. गिऱ्हाइकाने ड्रॉइंगची ‘रिव्हिजन सी’ पाठवलीय. कोर बॉक्सच्या (कास्टिंगच्या आतली पोकळी ठेवणारा गाभा ज्यात बनवतात त्या साच्याच्या) एका मापाबद्दल तुम्हाला शंका आहे आणि तुम्ही लिहिता, ‘प्लीज रिव्हर्ट ऑन द ड्रॉइंग.’ तुम्हाला म्हणायचंय, ड्रॉइंगबद्दल कळवा. तिकडच्या इंजिनियरला वाटू शकतं, तुम्हाला नवी रिव्हिजन जमत नाही म्हणून जुन्या ‘बी’वर परत जाऊया म्हणताय. तो ‘ओके’ लिहितो. तुम्ही ‘सी’प्रमाणे पॅटर्न (ज्यावरून साचा पाडतात तो नमुना) बदलायला घेता, आणि त्याच्या रेकॉर्डला ‘बी’ चालू राहते. सॅम्पलच्या तपासणीत माप लागत नाही तेव्हाच हे उघड होतं, तोवर पॅटर्नचा खर्च झालेला असतो. म्हणून उत्तर हवं असेल तर ‘रिप्लाय’ लिहा किंवा ‘लेट अस नो’. आणि ‘रिव्हर्ट’ त्यांच्याकडून आलं तर आधी विचारा, ‘डू यू वॉन्ट अस टु गो बॅक टु रिव्हिजन बी?’

‘क्वाइट गुड’चं थोडक्यात. अमेरिकन माणसाने सॅम्पलला ‘क्वाइट गुड’ म्हटलं तर तो खूश आहे. इंग्लंडच्या माणसाने म्हटलं तर बऱ्याचदा ‘बरंय’ एवढंच. मालकांना अभिनंदनाचा मेल म्हणून दाखवण्याआधी खालचा मापांचा रिपोर्ट वाचा.

राहिला इंग्लंडच्या गिऱ्हाइकाचा प्रश्न. मालकांचं म्हणणं अर्थाच्या दृष्टीने बरोबर आहे. तिथे ‘वी वुड लाइक टु टेबल द प्राइस रिव्ह्यू’ लिहिलंत तर तुमच्या मनातलाच अर्थ पोचेल. पण पाठवण्याआधी ‘सीसी’ची ओळ बघा. एकाच गटाचं डिझाइन इंग्लंडमध्ये आणि परचेस अमेरिकेत, हे आता सर्रास असतं, आणि तसं नसलं तरी मेल पुढे कुणाकडे फॉरवर्ड होतो ते आपल्या हातात नसतं. त्या यादीत एक जरी पत्ता अटलांटिकच्या पलीकडचा असेल तर मालकांना सांगा, ‘अजेंडा’ लिहिलंय, तेवढ्यावर सही करा.